दोन्ही प्रती आजीच्या माहेरच्या

नवी तपासणी जमते का ते पाहायला पुण्याच्या लॅबमध्ये मी स्वतःचंच रक्त वापरलं, आणि फसले. ते साल १९९८. विसरण्याच्या आजाराशी, म्हणजे अल्झायमरशी, ज्या जनुकाचं नाव चार-पाच वर्षांपूर्वी जोडलं गेलं होतं, त्याचा धोक्याचा प्रकार माझ्यात निघाला. तोही दुहेरी: एक प्रत आईकडून, एक बाबांकडून. अशी माणसं बहुधा सत्तरीच्या आसपास घरच्यांनाही विसरू लागतात, असं निबंधांत छापलेलं होतं. शेवगावच्या चेतनशी माझं लग्न ठरलेलं. मी घरी कळवून टाकलं, लग्न मोडा.

दुहेरी का, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. आमच्यात मामाची मुलगी हक्काने करतात. आई ही बाबांच्या मामाची मुलगी, म्हणजे भागिरथीआजीची सख्खी भाची आणि सूनही. दोन्ही वाटा आजीच्याच माहेरी जात होत्या. त्या चालीचा मला असा संताप आला की आजीचंही रक्त तपासायला सिरिंज घेऊनच मी पारनेरची एसटी पकडली.

आजी ऐंशीच्या पुढची. सुकट निवडता निवडता तिने दंड पुढे केला आणि बोलत सुटली. छप्पन साली दीक्षेला नागपूरला जाताना कोण कोणाच्या मांडीवर झोपलं, राहीबाईची चटणी कोणी संपवली, परतताना कोणाचं पोर तापलं. मी मुद्दाम उलटसुलट विचारलं. ती एकदाही चुकली नाही.

"मगाशीच सांगितलं की! ध्यान कुठं हाय तुजं?" उलट मलाच झापलं.

आठवड्याने निकाल आला. आजीतही दुहेरी. पुन्हा तपासलं, तेच. मी दोघींचे निकाल लॅबच्या सरांपुढे ठेवले.

सरांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "हे निबंध बहुतेक गोऱ्या माणसांवरचे आहेत. जनुक तेच असेल, पण त्याने किती जोरात बोलायचं हे कदाचित शेजारचा डीएनए ठरवत असेल. तो शेजार ज्याला त्याला आपापल्या पूर्वजांकडून मिळतो. आपल्या लोकांचा शेजार अजून कोणी नीट पाहिलेलाच नाही. एका आजीवरून काही सिद्ध होत नाही, प्रज्ञा. पण तुझी भीतीही सिद्ध होत नाही."

केवढं अचाट वाटलं मला! नावंही माहीत नसलेल्या कितीतरी बायामाणसांनी, गावकुसाबाहेर राहून, अर्धपोटी राहून, हे जनुक आणि त्याचा शेजार आजीपर्यंत आणून पोचवला होता. आणि ज्या चालीवर मी चिडले होते, तिनेच तो दोन्ही वाटांनी, बहुधा जसाच्या तसा, माझ्यात आणला होता.

मी पुन्हा पारनेर गाठलं आणि आजीला सगळं सांगितलं. "तुझ्यात आहे तेच माझ्यात आहे, आजी. त्याने माणसं विसरतात म्हणे. तू नाही विसरलीस. माझं काय होईल ते कोणालाच ठाऊक नाही."

आजीने सुकट निवडणं थांबवलं.

"मला कुनी आदी सांगितलं असतं, तर म्या लगीन करायचं न्हाई व्हय? मंग तू कुठून आली असतीस?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि चेतनला सगळं खरं सांगायला एसटीडी बूथवर गेले.