लोहाराचा क्रमांक

आयुष्यात कधी कुणाच्या कानाखालीही न मारलेली तीन माणसं दर शनिवारी सकाळी एका लॉन्ड्रीत बसून जगातले आजवरचे दहा सर्वश्रेष्ठ हेवीवेट बॉक्सर ठरवत असत. एक निवृत्त भूगोल शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसरा दातांचा डॉक्टर. त्याला माणसाचा जबडा आतून ठाऊक होता, म्हणून तो बाहेरूनही ठाऊक आहे असा त्याचा समज होता. तिसरा एका साप्ताहिकातला मुद्रितशोधक. त्या साप्ताहिकात वर्षातून एकदा ही यादी छापून येई, एवढ्या भांडवलावर तिघे स्वतःला निवड समिती म्हणवून घेत.

समिती लॉन्ड्रीतच बसे, कारण लॉन्ड्रीवाला खरोखरचा हेवीवेट होता. निदान चौतीस वर्षांपूर्वी होता. तो एकूण नऊ लढती लढला आणि त्यातल्या आठ कुणाच्याच लक्षात नव्हत्या, त्याच्यासुद्धा. नवव्या लढतीत त्याच्यासमोर लोहार उभा राहिला. लोहार हे त्या बॉक्सरचं टोपणनाव. दोनच वर्षांत हा लोहार जगज्जेता झाला आणि त्याच्याकडून पहिल्या फेरीतच आडवा झालेल्या लॉन्ड्रीवाल्याचं नशीब उजळलं. समितीच्या यादीत लोहार चौथा होता. म्हणजे आपला माणूस कुणा ऐऱ्यागैऱ्याकडून हरला नव्हता, जगातल्या चौथ्याकडून हरला होता. गल्लीत त्याला चॅम्पियन म्हणत. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याची बायको शर्टाच्या कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचता टाचता सांगे, "यांचा जबडा लोहाराने मोडलाय. आठ दिवस चमच्याने भरवत होते मी." एवढं ऐकल्यावर कपड्यावर डाग राहिला तरी गिऱ्हाईक तक्रार करत नसे.

आता खरी गोष्ट अशी की जबडा मोडलाच नव्हता. लोहाराने डाव्या हाताची हूल दिली, उजवा हात मागे नेला, आणि तो पुढे येण्याआधीच चॅम्पियन खाली पडला. पंच नेमका पाठीमागे होता आणि कॅमेरा आणण्याइतकी ती लढत कुणाला मोठी वाटली नव्हती. पंचाचे आकडे त्याला स्पष्ट ऐकू येत होते. आठवर सहज उठता आलं असतं. त्याने डोळे मिटून दहापर्यंत वाट पाहिली आणि घरी जाताना जबडा फडक्याने बांधून घेतला. तेव्हा लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. उशाशी बसून चमच्याने दूध पाजणाऱ्या नव्या बायकोला हे सांगायला रिंगमधल्यापेक्षा जास्त हिंमत लागते. ती त्याच्याकडे तेव्हा नव्हती, पुढेही आली नाही.

या वर्षी मास्तरांनी गुणपत्रिकेत एक नवा रकाना आखून आणला. ठोसा, जबडा, पायांची चाल हे जुने रकाने होतेच. नवा रकाना होता 'प्रतिस्पर्ध्यांची पत'.

"लोहार इथे मार खातो," मास्तर म्हणाले. "सुरुवातीला त्याने पाडलं कुणाला, तर असल्यातसल्यांना. राग मानू नका चॅम्पियन, पण उदाहरणादाखल तुम्हालाच घ्या."

बायको कपडे पोचवायला बाहेर गेली होती आणि चॅम्पियन तेव्हा मास्तरांच्याच पँटला इस्त्री करत होता. इस्त्री जागच्या जागी थांबली.

"ठोसा जबर होता की समोरचा जबडा कच्चा, हा खरा प्रश्न आहे," डॉक्टरने तोंड घातलं. मुद्रितशोधकाने बेरीज केली. लोहार थेट अकराव्यावर गेला, आणि यादी तर दहाचीच. अकराव्याकडून हरलेल्या माणसाला चॅम्पियन कोण म्हणणार? बायकोने गिऱ्हाइकांना काय सांगायचं? मास्तरांची पँट एव्हाना करपायला लागली होती.

"मास्तर, माझा एक ठोसा खाऊन बघा," तो म्हणाला. "त्यावरून माझी पत ठरवा. मला ज्याने पाडलं त्याची मग आपोआप ठरेल."

एखाद्या शहाण्या माणसाने हसून विषय बदलला असता. मास्तर उठून उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांनी एकाही पोराला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता, ते एका ठोशाला काय भिणार? त्यांनी पोट आत घेतलं आणि म्हणाले, "हाणा."

चॅम्पियनने हाणला. मास्तर हललेसुद्धा नाहीत. बासष्टाव्या वर्षी त्या हातात इस्त्री उचलण्यापुरतंच बळ उरलं होतं, हे दोघांनाही एकदमच कळलं. मास्तरांनी तोंड उघडलं, बहुधा शून्य म्हणायला. तेवढ्यात त्यांची नजर चॅम्पियनच्या चेहऱ्याकडे गेली. त्यांनी सावकाश चष्मा काढला, खिशात ठेवला, टेबलाचा आधार घेतला आणि "आई गं" म्हणत धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यावर आडवे झाले.

डॉक्टर आणि मुद्रितशोधक घाबरून उठले. चॅम्पियन मात्र बघतच राहिला. ठोसा बसलेला माणूस चष्मा काढून ठेवत नाही. आपल्या मनाने पडणारा माणूस कसा पडतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ज्या माणसाने जन्मात कुणाला अर्धा गुण दिला नाही, तो आपल्यासाठी गाठोड्यावर पडलाय, हे त्याला सोसवेना.

"उठा मास्तर," तो म्हणाला. "मीही असाच पडलो होतो. लोहाराचा ठोसा मला लागलाच नाही. भीती वाटली म्हणून पडलो."

डॉक्टरचे डोळे चमकले. "म्हणजे नुसत्या हुलीवर?"

"नुसत्या हुलीवर."

"अहो, पण मग हा तर चमत्कार आहे. हात न लावता माणूस झोपवला."

"याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे?" मास्तरांनी आडवे असतानाच विचारलं. तिथल्या तिथे 'दहशत' नावाचा नवा रकाना आखला गेला आणि लोहाराला दहापैकी दहा मिळाले. दहा मिनिटांत लोहार अकराव्यावरून पहिल्यावर आला. चौतीस वर्षं छातीवर बाळगलेलं ओझं माणसाने चारचौघांत खाली ठेवलं, आणि समितीने त्याची बेरीज केली.

"हे छापू नका," चॅम्पियन काकुळतीला आला. "घरात माहीत नाही."

"नुसती तळटीप टाकतोय," मुद्रितशोधक म्हणाला. "अगदी बारीक टाइपात. तळटीप कोण वाचतं?"

बायकोने वाचली. कपड्यांवरच्या पुसट नंबरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात जिची हयात गेली, तिला बारीक टाइपाचं काय कौतुक? तिने साप्ताहिक घडी करून गल्ल्याखाली सरकवलं आणि बोलणं बंद केलं. इकडे नुसत्या हुलीवर पडलेला माणूस बघायला गिऱ्हाइकांची रीघ लागली. ती मुकाट्याने चिठ्ठ्या टाचत राहिली. जबड्याबद्दल तिने कुणाला चकार शब्द सांगितला नाही. चॅम्पियनला चार रात्री झोप लागली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दोघे एका मोठ्या चादरीची टोकं धरून घडी घालत होते.

"घाबरला होतात?" तिने विचारलं.

"हो."

"खूप?"

"त्याच्याकडे बघूनच पायांतलं बळ गेलं."

टोकाला टोक जुळवत ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या हातातली टोकं तिने आपल्या हातात घेतली.

"मग घरी येऊन तसं सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी काय तिथे गुण द्यायला बसले होते?"