बोल्टाखालचं कडं

रॉयस्टनने सांगितली तशी

"लोखंडाचा आवाज आला की तुम्ही पुढे सरकता. तिथंच चुकता," रॉयस्टन म्हणाला. "मी वाकतो."

गावच्या सभागृहात क्लबाची मंडळी खुर्च्या ओढून बसली होती. सगळी इंग्लंडातल्या लिंकनशरचीच, रविवारी शेताशेतांतून जमिनीतला धातू हुडकणारा डिटेक्टर फिरवत हिंडणारी माणसं. मधल्या टेबलावर हिरव्या कापडावर महिन्याभरात सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या, पण आज तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे रॉयस्टनच्या हातातल्या फोटोकडे बघत होते. चांदीचं रोमन कडं, दोन्ही टोकांना सापाची डोकी. खुद्द कडं जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकारी बाईंकडे जमा झालं होतं. कायदाच तसा आहे.

"थर्कलचं शेत. फाटकातून आत गेलं की वरचा चढ. गहू कापून झालेला. आणि कानात आला आवाज. घर्रर्र. झोपलेल्या डुकरासारखा. म्हणजे लोखंड. दुसरा कुणी असता तर..."

"दुसरा कुणी म्हणजे मी," निवृत्त पोस्टमन नेव्हिल म्हणाला.

"तूच. तू गेला असतास पुढे, ढुंगण खाजवत. मी खणलं. निघाला एक गंजका बोल्ट. म्हटलं, ठीक आहे, खड्डा बुजवू. पण बोट घातलं सहज, आणि बोल्टाखाली ही बया. सतराशे वर्षं बसली होती माझी वाट बघत."

"तुझी? मग तिची नजर अधू असणार."

सभागृहात हशा पिकला. शेवटच्या रांगेत बसलेली लिनेटही हसली, पण सगळ्यांच्या नंतर.

रॉयस्टनने फोनवर सांगितली तशी

"ग्रेग? हो, मीच. मोठ्याने बोल. नाही, पडलो-बिडलो नाही. ऐक तर... रोमन! रो-मन! चांदी. हो, मलाच. मग? म्हातारा अजून मोडीत नाही निघाला, काय? ... ते स्पेनचं बघू पुढे. आत्ता नाही रे विकत मशीन. आत्ता कुठे रंग भरतोय."

व्हॅनमध्ये शेजारी बसून लिनेटने हे ऐकलं. शेवटची दोन वाक्यं तिने घरी जाऊनही मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकली.

झाली तशी

लिनेट रॉयस्टनची सून. म्हणजे, होती. ग्रेगने तिला सोडून स्पेनमध्ये पॉलाबरोबर दुसरा संसार मांडला. घटस्फोटात सोफा, भांडी, कुत्रा, सगळ्यांची वाटणी झाली. सासरा कुणाच्या वाट्याला, हे कुणी विचारलंच नाही. त्यामुळे तो तिच्याकडे राहिला. रविवारी सकाळी तिच्या दाराशी हॉर्न वाजायचा, तो वाजतच राहिला. ती पावाचे तुकडे चीज-लोणचं घालून बांधायची, तो थर्मासमधून काळाकुट्ट चहा आणायचा, आणि दोघं कुणाच्या तरी शेतात समांतर रेघा आखल्यासारखी चालत राहायची. बोलणं थोडंच व्हायचं. कानात हेडफोन असताना बोलणार काय?

गेला बराच काळ त्याला काही सापडत नव्हतं. खिळे सापडायचे. नाल, कुलपं, नांगराचे तुकडे. डिटेक्टरमध्ये लोखंड खालच्या पट्टीत गुरगुरतं आणि चांदी शिट्टीसारखी वर चढते. रॉयस्टनचं मशीन जुनं, त्यातला सूर खालीवर करता येत नाही. एकदा लिनेटने पाहिलं: तो चालत असताना त्याच्या मशीनची चकती एका जागेवरून गेली, हेडफोनमधून निसटलेली बारीक शिट्टी दोन पावलांवर उभ्या असलेल्या तिला ऐकू आली, आणि तो तसाच पुढे गेला. मग तिला सगळं उमगलं. त्याच्या कानांतून वरचे सूर निघून गेले होते. पाखरांचे आवाजही गेले असणार. तो ते कुणाला सांगत नव्हता. स्वतःलासुद्धा सांगत नसावा. "हे शेत मेलंय," एवढंच म्हणायचा.

आणि कापणीनंतर तो म्हणाला, "हा शेवटचा हंगाम, पोरी. मशीन विकतो. ग्रेग म्हणतोय, इकडे या. ऊन असतं तिथं."

"तुम्हाला ऊन आवडत नाही."

"सवय होईल."

त्या रविवारी थर्कलच्या शेतात, खालच्या अंगाला, काटेरी कुंपणाजवळच्या खोलगट जागेत तिच्या कानात शिट्टी वाजली. सरळ, स्वच्छ, एका दमाची. तिने मातीचं ढेकूळ उलटलं आणि सापाने तिच्याकडे पाहिलं.

क्लबात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात: वस्तू अर्धी माहिती, सापडली ती जागा अर्धी. सापडलं की थांबायचं, निशाणी रोवायची, हाक मारायची. एकाला सापडलेलं दुसऱ्याच्या वाटेत पेरणं, याच्याइतकं नीच काम या मंडळींत नाही. त्यासाठी माणसं क्लबातून गेलेली आहेत, त्यांचं नाव निघालं की लोक चहा ढवळायला लागतात.

लिनेटला हे ठाऊक होतं. हाक मारायला तिने तोंडही उघडलं. चढावर रॉयस्टन पाठमोरा चालत होता, खांदे पाडून, गवत कापायचं म्हणून कापावं तशी चकती फिरवत.

तिने खड्डा बुजवला. कडं रुमालात गुंडाळलं. वळसा घालून चढावर गेली, तो परतीच्या फेरीत जिथून येणार होता तिथं माती उकरली, कडं ठेवलं. आणि मग तिला सुचलं, की चांदी त्याला ऐकूच येणार नाही. खिशात सकाळी सापडलेला लोखंडी कचरा होता. त्यातला गंजका बोल्ट तिने कड्यावर ठेवला आणि माती सारखी केली.

लोखंड त्याला अजून ऐकू येत होतं.

तो ओरडला तेव्हा कुंपणातले कावळे उडाले. ती धावत आली. तो गुडघ्यांवर बसला होता, आणि काही केल्या त्याला चष्मा सापडत नव्हता. चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

मातीला विचारली तशी

पुरातत्त्व अधिकारी इमोजेन दोन मदतनिसांना घेऊन आली. रॉयस्टनने बोट ठेवलं तिथं चर आखला. अशी कडी बहुधा जोडीने घालत, तिने सांगितलं. जवळपास दुसरं असेल, मडकं असेल, निदान ती इथं का आली याचा काही माग असेल. थर्कलने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. शुक्रवारी तो खोल नांगर घालणार होता. सगळ्या शेतात.

रॉयस्टन रोज यायचा, घडीची खुर्ची टाकून चराच्या काठावर बसायचा. मदतनिसांना पोर्कचे पॅटिस खाऊ घालायचा. लिनेट कामावरून सुट्टी घेऊन यायची आणि कुंपणाकडे बघणं टाळायची.

पहिल्या दिवशी माती निघाली. दुसऱ्या दिवशी त्याखालची चिकणमाती निघाली, जिला जन्मात कुणी हात लावला नव्हता.

"विचित्र आहे," इमोजेन म्हणाली. ती गुडघे झटकत वर आली. "इथं काहीच नाही. राख नाही, खापर नाही. आणि तो बोल्ट ट्रॅक्टरचा आहे, रॉयस्टन. तो रोमन कड्याच्या डोक्यावर कसा बसला?"

"जमीन आहे. जमिनीच्या मनात येईल ते करते."

"हं. उद्या दुपारपर्यंत बघू. मग गुंडाळते."

रॉयस्टनने चरात पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "मी जागा चुकलो की काय?" तो हळूच लिनेटला म्हणाला. "डोकं फिरायला लागलं असेल का गं माझं?"

कान गेले हे तो लपवू शकत होता. आता तो डोक्यावर संशय घेत होता. एवढ्यासाठी तिने हे केलं नव्हतं.

लिनेटने सांगितली तशी

व्हॅनचं मागचं दार उघडं टाकून दोघं काठावर बसली होती. चहाची वाफ दोघांच्या मधून जात होती.

"रॉय, जागा तुम्ही चुकला नाहीत. मी चुकवली."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचा उंच पट्टीतला आवाज त्याला तुटक तुटक मिळत असणार, हे तिला आता कळत होतं. ती जवळ सरकली आणि आवाज खाली, अगदी छातीत उतरवून सगळं सांगितलं. खोलगट जागा. शिट्टी. रुमाल. बोल्टापाशी ती अडखळली, कारण बोल्टाचं कारण सांगितल्याशिवाय बोल्ट सांगता येत नव्हता.

त्याने ऐकून घेतलं. चहा ओतून टाकला, गवतावर.

"क्लबात मी नेव्हिलला काय काय बोललो," तो म्हणाला.

"हो."

"ग्रेगला फोन केला."

"हो."

"पेरलंस तू, लिनेट. माझ्या वाटेत. मी काय बाजारातला मूर्ख आहे?"

"नाही."

"आणि बोल्ट." इथं त्याचा आवाज फुटला. "बोल्ट ठेवलास. म्हणजे तुला माहीत होतं."

"वसंत ऋतूपासून."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

तो उठला, फाटकापर्यंत गेला. परत येईल की तसाच गावाकडे चालायला लागेल, हे तिला कळेना. तिने थर्मासचं झाकण लावलं, काढलं, लावलं. आपण एक रविवार वाचवायला गेलो आणि सगळेच घालवले, असं तिच्या मनात आलं आणि तिथंच बसून राहिलं.

तो परत आला. डोळे लाल होते. वारा सुटला होता खरा.

"चांगली वाजली?" त्याने विचारलं.

"काय?"

"शिट्टी. तुझ्या कानात."

"फार चांगली."

"मग बसलीस काय? उद्या दुपारी ती बाई गुंडाळून जाईल. चल."

चराकडे जाताना ती म्हणाली, "मीच सांगते."

"तू सांगशील आणि रडशील. वेळ जाईल." त्याने हात वर करून इमोजेनला थांबवलं. "मॅडम, माफ करा. कडं हिला सापडलं. तिथं खाली, कुंपणाशी. मला सापडला फक्त बोल्ट. मी बहिरा आहे, तिला माझी दया आली, आणि दोघांनी मिळून तुमचे दोन दिवस मातीत घातले."

"दया नाही आली," लिनेट म्हणाली. "ते जायला निघाले होते."

इमोजेनने जे सुनावलं ते बराच वेळ चाललं आणि त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. जागेची नोंद खोटी, अहवाल खोटा. हे सगळं कागदावर जाणार होतं आणि क्लबालाही कळणार होतं. लिनेटने मान खाली घालून ऐकलं. रॉयस्टन शेजारी उभा राहून मधूनमधून "बरोबर, बरोबर" म्हणत होता, तेवढ्याने इमोजेन आणखीच चिडत होती. मग ती थांबली, कपाळ पुसलं आणि म्हणाली, "दाखवा जागा. धावत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, खोलगट जागेत वरची माती काढल्यावर, इमोजेनने लिनेटला मशीन फिरवायला सांगितलं. एका कोपऱ्यात शिट्टी चढली. लिनेटने हेडफोन काढून रॉयस्टनच्या कानांवर ठेवले, आवाज पूर्ण मोठा केला, चकती पुन्हा फिरवली.

त्याने डोळे मिटले. चकती गेली, आली, गेली.

"काही नाही," तो म्हणाला. "कसा वाजतो? म्हणून दाखव."

सगळ्यांसमोर, चिखलात उभ्या उभ्या, लिनेटने तोंड त्याच्या कानापाशी नेलं आणि तो सूर खाली, आपल्याला जमेल तितका खाली आणून गुणगुणला. तो मान डोलावत राहिला, एखादं गाणं ओळखीचं निघावं तशी.

माती बाजूला झाली तेव्हा आधी मडक्याची कड दिसली. मग सापाचं डोकं. दुसरं कडं, जरा लहान. इमोजेन श्वास रोखून बघत होती. कालचा राग ती विसरली नव्हती, पण आत्ता तिला त्याची आठवण नव्हती.

अजून कुणी सांगितली नाही ती

क्लबाने लिनेटला वर्षभरासाठी बाहेर काढलं. ठराव नेव्हिलनेच मांडला, आणि रविवारी सकाळी तोच तिच्या दारात घरच्या जॅमची बरणी ठेवून गेला. ती अजून बरणी हातात घेऊन उभी होती, तेवढ्यात हॉर्न वाजला.

व्हॅनमध्ये मागे एकच डिटेक्टर होता. तिचा.

"तुमचं मशीन?"

"दिलं. क्लबात सुतारकाम करणारी एक मुलगी आहे ना, तिला. तिचे कान छान आहेत." त्याने गिअर टाकला. "कुदळ आहे. खणायला कंबर अजून शाबूत आहे."

म्हणजे काय, हे तिला लगेच कळलं आणि तिने लगेच खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि स्पेन?"

"काल ग्रेगशी बोललो. म्हटलं, मला नाही, सुनेला सापडलं. तो म्हणाला, 'पॉलाला? ती तर इथंच आहे.'"

"मग?"

"म्हटलं, मला सून एकच आहे." तो रस्त्याकडे बघत राहिला. "बिचाऱ्याने फोन ठेवला नाही. ठेवेल वाटलं होतं. म्हणाला, उन्हाळ्यात आम्हीच येतो."

शेत थर्कलचं नव्हतं; थर्कलने नांगर घातला होता. हे दुसऱ्याचं, नदीकाठचं, ओलं. लिनेट पुढे चालत होती, रॉयस्टन कुदळ खांद्यावर टाकून मागे. ती थांबली.

"काय वाजतंय?"

"मधल्या पट्टीतलं. बाटलीचं झाकण असेल."

"तू ऐकायचं काम कर. झाकण की काय, ते माझं खातं." तो सावकाश गुडघ्यांवर बसला, एक हात तिच्या बुटावर टेकून. "पाय काढू नकोस. असाच ठेव."