खारी बातमी

मी तोंडाने फटकळ आहे, हे नंदाखालपासून अर्नाळ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. लहान मुलांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढली, पण 'मुंगी चावेल हं बाळा' असं म्हणून एकाही पोराला सुई टोचली नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगते. पोरं रडतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच पुढे दंड करतात. याचा मला भारी गर्व होता. तो कसा उतरला, तेच सांगते.

उन्नती अर्नाळ्याच्या कोळ्यांची पोर, दुसरीत शिकणारी. आठवडाभर घटाघटा पाणी पीत होती, वाळत चालली होती, आणि एका सकाळी उलट्या करता करता निपचित पडली. आमच्याकडे आणली तेव्हा तिची साखर पाचशेच्या वर होती. लहानपणीच होतो तो मधुमेह. म्हणजे इन्सुलिन जन्माचा सोबती.

चार दिवसांत पोर सावरली. पाचव्या दिवशी तिची आई प्रीतल हिला मी समोर बसवलं. आमच्या डॉक्टर स्वप्ना मॅडम अशा आईबापांना अर्धा-अर्धा तास समजावतात, काय किती खायचं, कधी खायचं, बेताने सगळं कसं चालतं. मला एवढा धीर कुठला! मी एक घाव दोन तुकडे केले. म्हटलं, "घरात गोड येऊ द्यायचं नाही. गोड आलं, की ही परत इथे." सात महिन्यांची पोटुशी प्रीतल मान डोलवत राहिली. उन्नती बाजूच्याच पलंगावर मासा रंगवत बसली होती.

घरी सोडायची अट एकच होती. आईने इन्सुलिनचं पेन स्वतः टोचायला शिकायचं आणि पोरीने तिला टोचू द्यायचं. मी टोचलं तर उन्नती हूं की चूं करत नसे. बोट टोचून साखर बघायचं यंत्र तर तिला इतकं आवडलं, की पट्टी कुठे लावायची, रक्ताचा थेंब कसा काढायचा, सगळं ती मलाच शिकवायला लागली. पण आई पेन घेऊन जवळ आली, की दोन्ही हातांनी पोट झाकायची आणि अख्खा मजला डोक्यावर घ्यायची. आईला पापासुद्धा घेऊ देईना. एकदा तर तिला ढकलून दिलं. त्या दिवशी प्रीतल जिन्यात बसून रडली. पोरगी माझा राग करते, म्हणाली, मी काय केलं तिचं?

मी तिलाच बोलले. तुझा हात थरथरतो, पोर घाबरते, आधी हात घट्ट कर, असं वर सुनावलं. अकरावा दिवस उजाडला. स्वप्ना मॅडम म्हणाल्या, दोन दिवस बघू, नाहीतर मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे मुंबईला पाठवू. पाठवायला हरकत नव्हती, पण माझ्या वॉर्डातलं मूल मला कळत नाही, हे मला सोसेना.

त्या दुपारी वॉर्डात हसणं-खिदळणं चाललं होतं. आमच्या मीरा सिस्टरला दिवस गेले होते आणि मावश्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, मीराकडे गोड बातमी आहे म्हणून. मी उन्नतीची चादर बदलत होते. तिने मला पदर नाही म्हणून कोटाच्या खिशाला धरून ओढलं.

"सिस्टर, मीरा सिस्टरच्या घरी कोनाला शुगर हाय?"

नाही, म्हटलं.

"मंग तिचं बाळ घरी येल," ती म्हणाली. "आमच्याकडं पन गोड बातमी हाय. आजीनं सगल्यांना सांगितलंय. पन मी घरी गेली तर बाळाला येऊ नाय देनार. तू बोल्लीस ना आयेला. म्हनून मी इथंच रातेय."

उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि सात वर्षांच्या पोरीने त्यावर आपलं घर सोडायचं ठरवलं होतं. आई टोचायला शिकली तर घरी जावं लागेल, म्हणून आईला जवळ येऊ द्यायचं नाही. राग नव्हता तो. मला इतकी लाज वाटली, की खालीच बसले.

मी तिला सांगितलं, चुकलं माझं. गोड बातमी वेगळी, गोड खाणं वेगळं. एवढंच काय, तुझी साखर फार उतरली तर गोडच द्यावं लागतं. तिने ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. गोड म्हंजे गोड, म्हणाली.

मग मला सुचलं. मी प्रीतलला बोलावून सगळं सांगितलं. ती रडायच्या आत तिला खुर्चीत बसवलं आणि यंत्र उन्नतीच्या हातात दिलं. म्हटलं, बाळ आईच्या पोटात आहे. बघ तूच, किती गोड आहे ते. बोलून गेले आणि मग भानावर आले. प्रीतलचे आधीचे रिपोर्ट चांगले होते, पण गरोदर बाईची साखर कधी वर जाईल सांगता येत नाही, आणि ती आत्ताच चहा-पाव खाऊन आली होती. दोनशे आकडा आला असता, तर या पोरीला पुढे काय सांगणार होते मी?

उन्नतीने पट्टी लावली. आईने बोट ताठ धरलं होतं.

"आये, हात ढिला सोड. दुखेल, पन थोडंसंच," ती म्हणाली. माझंच वाक्य.

थेंब आला. पाच सेकंद मी येशूचं नाव घेतलं. मग उन्नतीने आकडा मोठ्याने वाचला. एकशे चार. दोनदा वाचला. पलंगावर उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डाला सांगितलं, "आमचं बाळ गोड नाय!"

बाकीच्या आया बघतच राहिल्या. उन्नती खाली उतरली, फ्रॉक वर केला आणि पोट आईपुढे धरलं. प्रीतलने पेन टोचलं. हात जराही हलला नाही. मग त्या पोरीने इतक्या दिवसांचे पापे एकदम वसूल करून घेतले. मी सव्वीस वर्षांत वॉर्डात रडले नव्हते. त्या दिवशी सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी माय-लेकी घरी गेल्या. आता मी आईबापांशी बोलते तेव्हा पोरालाही समोर बसवते, आणि शेवटी त्यालाच विचारते, काय समजलं ते सांग.

साडेतीन महिन्यांनी उन्नती तपासणीला आली. गाल भरले होते, साखरेची वही नीट लिहिलेली होती. मागून प्रीतल, तिच्या कुशीत काळाभोर, टपोऱ्या डोळ्यांचा भाऊ. उन्नतीने माझ्या टेबलावर कागदात बांधलेलं पुडकं ठेवलं. मला वाटलं, पेढे. सोडलं तर सुके बोंबील. सगळा वॉर्ड घमघमला. स्वप्ना मॅडम नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या आणि विचारलं, हे काय आहे?

"बाळाचं वाटतोय," उन्नती म्हणाली. "आमच्याकडं खारी बातमी हाय."