माझ्या काखा शिवल्या हो!

मित्रांनो, मी एक जुनं जॅकेट आहे. सायकल चालवणाऱ्यांसाठी शिवलेलं, एकेकाळी पोपटी रंगाचं. आताचा रंग विचारू नका. कारेगावच्या पुढे कालव्याच्या कडेला एक वस्ती आहे, तिथल्या एका घरात खुंटीला लटकत माझे हिवाळे गेले. तुम्ही म्हणाल, जॅकेटाला कसला आलाय त्रास? घातलं की ऊब द्यायची, काढलं की खुंटीवर झोपायचं. अस्सं? मग ऐकाच आता.

माझं कापड साधं नाही. ते बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, पण आतल्या घामाची वाफ बाहेर जाऊ देतं. शिवाय माझ्या दोन्ही काखांत एकेक चेन आहे. चढावर घाम फुटला की ती उघडायची आणि वारा आत खेळू द्यायचा. इतकी सोपी गोष्ट! पण सोपी गोष्ट माणसांच्या गळी उतरवणं किती अवघड असतं ते मला विचारा.

दौंडच्या बाजारात मुजीबभाईंच्या दुकानात मी टांगलेलो होतो. एका रविवारी तिथं सोनम आली, सोबत तिची सासू अनसाबाई. सोनमचा नवरा ज्योतिबा दौंडला रेल्वेत कामाला, त्याला भेटून दोघी बाजारात शिरल्या होत्या. सोनम रांजणगावच्या एका कारखान्यात बारीक पार्ट जोडायचं काम करायची. वस्तीवर कंपनीची बस येत नाही, म्हणून फर्स्ट शिफ्टला सायकल मारत जायची. आदल्या हिवाळ्यात तिनं स्वेटरवर प्लास्टिकचा रेनकोट चढवला होता. धुकं, दहिवर बाहेरच राहिलं, पण आत ती घामानं न्हाऊन निघायची आणि तशीच ओली एसी हॉलमध्ये जाऊन बसायची. मग काय, खोकला मागे लागला. शेवटी सुपरवायझर सुषमा मॅडमनी तिला बाजूला घेतलं होतं.

"सोनम, तुझा हात चांगला आहे. पण खोकत लाइनवर बसता येणार नाही. या हिवाळ्यात परत खोकला धरलास तर पॅकिंगला टाकावं लागेल. मग पर्मनंटचं विसर."

म्हणून ती जॅकेट शोधत होती. मुजीबभाईंनी आधी केसाळ गळ्याची, फुगीर जॅकेटं काढली. अनसाबाईंनी ती हातात तोलून पाहिली आणि खूश झाल्या. वजनदार होती ना! सोनमनं मात्र मला खाली घेतलं. अनसाबाईंनी मला दोन बोटांत उचललं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"अगं, याला वजनच न्हाई. थंडी कशी थांबल?"

"मावशी, बगा तर खरं," मुजीबभाई म्हणाले. त्यांनी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं, ते घरंगळून गेलं. मग मला पुसून आपल्या कडक चहाच्या ग्लासावर ताणून धरलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून वर ठेवला. थोड्या वेळात काचा धुरकटल्या. "पानी आत जात न्हाई, वाफ भायेर येती. अंग कोरडं ऱ्हातं."

सोनमचा चेहरा असा उजळला म्हणता! मीही छाती फुगवली. पण अनसाबाई कुठल्या ऐकतात.

"चहाची वाफ निघून जाती, म्हंजी ऊबबी निघून जाती की रं बाबा!"

सोनमनं हट्टानं मलाच घेतलं. मला वाटलं, सुटलो. कसचं काय!

अनसाबाईंचं घर पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांचं. मेंढरं गेली, आता कांदा आणि ऊस आहे, पण खुंटीला त्यांच्या वडिलांची काळी घोंगडी अजून आहे. थंडी मोजायची ती घोंगडीच्या वजनानं, हा त्यांचा कायदा. दुसऱ्याच दिवशी त्यांना माझ्या काखेतली चेन सापडली. "काखंत खिसा कोन शिवतं? येड्या शिंप्यानं भोक ठेवलंय आन् माझ्या सुनंला त्यातनं वारा लागतोय!" झालं. गोधडीची सुई आली, दुहेरी दोरा आला आणि माझ्या दोन्ही काखा टाचून बंद! तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण बाईंनी जुन्या गोधडीचा थर आतून अस्तर म्हणून लावला. नाकापेक्षा मोती जड! भीक नको पण कुत्रं आवर, असं ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठंय?

आणि सोनम! तिनं संध्याकाळी टाके पाहिले, चेन ओढून पाहिली, ती हलेना. मी म्हटलं, आता उसवेल. तर ही स्वतःशीच पुटपुटते कशी, "आत्यांनी डोळं फोडून शिवलंय. कसं उसवू?" अगं बाई, कात्रीनं उसव! पण नाही. मायेपुढे अक्कल गहाण टाकायची या घरात रीतच होती.

मग रोज सकाळी तेच. कालव्याचा चढ लागला की सोनमला घाम फुटायचा. वाफ माझ्यापर्यंत पोचायचीच नाही, मधली गोधडी ती पिऊन टाकायची. कंपनीच्या गेटवर सोनम मला काढायची तेव्हा पाठ ओलीचिंब. पुढे एसी हॉल. आठवड्यात खोकला आला. सुषमा मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या, रागावल्यासुद्धा नाहीत. "उद्या सुट्टी आहे ना? परवा खोकत आलीस तर माझा नाइलाज आहे, सोनम." त्या दिवशी घरी येताना ती चढावर सायकलवरून उतरली आणि मला तोंडाशी धरून रडली. मला इतका राग आला, इतका राग आला की सांगता सोय नाही. ज्या कामासाठी मी जन्मलो, तेच मला कुणी करू देत नव्हतं, आणि पोरीचं पोट त्यावर होतं.

सुट्टीच्या दिवशी सोनम पांघरुणात खोकत पडली होती. अनसाबाई तिच्या उशाशी बसल्या, मग ताडकन उठल्या. "हे जाकीटच फसवं हाय. अजून कुठंतरी भोक असंल. घालूनच बघते, थंडी कुठनं शिरतीया ती!" असं म्हणून त्यांनी मला चढवलं आणि विळा घेऊन गुरांसाठी घास कापायला गेल्या. मी मनात म्हटलं, आता आणखी काय काय शिवणार!

घास कापून झाला, भारा डोक्यावर आला, बांध चढताना बाईंना दम लागला. भारा टाकून त्या टेकल्या. गार वारा सुटला आणि त्यांचे दात वाजू लागले. त्यांनी मला काढलं, आत हात घातला. गोधडी पिळून पाणी निघावं अशी. त्यांनी वर पाहिलं, आभाळ कोरडं ठाक. माझी बाहेरची बाजू चाचपली, तीही कोरडी.

"आगं बया! ह्यो पाऊस तर आतनंच पडलाय."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. मग हळू आवाजात, जणू वडील समोर आहेत अशा बोलल्या, "आबा, तुमी मेंढरामागं चालताना घोंगडी खांद्यावर टाकायचा. बसल्यावर मग अंगावर. चालत्या मानसाला घोंगडी न्हाई, असं म्हनायचा. म्या कसं इसरले?" आणि त्यांचे डोळे भरून आले. "पोरीचा खोकला म्याच शिवला की गं बाई."

घरी येऊन त्यांनी आधी काढा उकळला. मग उंबऱ्यात बसून स्वतःच्या हातानं एकेक टाका उसवला, गोधडी काढून फेकली आणि चेन खालीवर करून पाहिली. सोनम बघत होती. "आत्या, असू द्या की."

"गप. तुला तोंड न्हवतं व्हय सांगायला?" अनसाबाई खेकसल्या. मित्रांनो, माझ्या मनातलं बोललं कुणीतरी!

दुसऱ्या दिवशी सकाळी चढावर सोनमनं माझ्या काखा उघडल्या. वारा आत आला, वाफ बाहेर गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझं काम केलं. ती हॉलमध्ये कोरडी बसली. दुपारी घसा दोनदा खाकरला तेवढाच. सुषमा मॅडमनी मान हलवली आणि पुढे गेल्या. संध्याकाळी अनसाबाई दारातच उभ्या. "कशी हायस" विचारलं नाही, सरळ माझ्या आत हात घालून पाठ चाचपली. कोरडी लागली, तेव्हा कुठे चहा ठेवला. पुढे रोजच तो हात आत यायचा. हिवाळा सरला आणि सोनम पर्मनंट झाली.

आता माझं कापड विरलंय, पाणी झिरपतं. गेल्या दिवाळीनंतर दोघी मला घेऊन पुन्हा मुजीबभाईंकडे गेल्या. त्यांनी हसत जॅकेटं मांडली. अनसाबाईंनी एकाचंही वजन केलं नाही. "मुजीब, आदी कडक चहा सांग," म्हणाल्या आणि स्वतःचा चष्मा काढून हातात धरला.

तर मित्रांनो, एवढं ऐका. मला दगडावर आपटू नका, सोड्यात बुडवू नका. आणि कुणावर माया कराल तेव्हा आधी विचारा, त्याला हवंय काय. मायेनं शिवलेलं तोंड कुणी उसवत नाही, तेच तर अवघड असतं.

नवं जॅकेट सोनमच्या अंगावर गेलं, मी अनसाबाईंच्या वाट्याला आलो. घासाला जाताना त्या मला खांद्यावर टाकतात. भारा उतरवून बांधावर टेकल्या, की मग अंगावर घेतात.