आत ओढलेला होकार

गुनिल्लाला अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या विद्यापीठात दोन वर्षांचं काम मिळालं, झाडांच्या रोगांवर. या कामासाठी तिनं अकरा वर्षं अर्ज केले होते. ती म्हणाली, "काम मी निवडलंय, घर तू निवड." एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर इतकी मोठी जबाबदारी पहिल्यांदाच टाकली होती, आणि मी तिथे आमच्या गावी, उमेओतच नाही म्हणायला हवं होतं. पण आमच्या उत्तर स्वीडनमध्ये नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. होकाराला तेही कष्ट नाहीत. ओठ जरासे पुढे काढायचे आणि झटकन श्वास आत ओढायचा, 'श्शूप्'. झाला होकार. थंडीत तोंड उघडं टाकायला नको म्हणून पूर्वजांनी ही सोय केली, असं माझे वडील सांगत. मी श्वास आत ओढला आणि अडकलो.

घर शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं, कारण शनिवारी हॉटेलची खोली सोडायची होती. गुनिल्ला रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून सायकलवर एकटी परत येणार. ती धडधाकट परत येईल अशी वस्ती मला शोधायची होती. अमेरिकेतल्या शहरांबद्दल माझं ज्ञान टीव्हीवरचं. तिथे दर पाऊण तासाला एक माणूस मरतो, आणि बहुतेक वेळा तो माझ्याच वयाचा असतो. निघताना माझ्या बहिणीनं विचारलं होतं, "मृत्युपत्र केलंस ना?" कानटोपी घेतलीस ना, असं विचारावं तसं.

घरं दाखवायला डार्लीन नावाच्या बाई होत्या. पहिल्याच घरासमोर मी त्यांना विचारलं, "हा भाग सुरक्षित आहे का?"

"ते मला सांगता येणार नाही हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत असलं तरी सांगायचं नाही. कायदा आहे तसा. कुठली वस्ती चांगली, कुठली वाईट, आम्ही बोलायचंच नाही. स्वयंपाकघर बघितलंत का? ओटा ग्रॅनाइटचा आहे."

घर दाखवणाऱ्यांनी माणसांची रंगाप्रमाणे नि जातकुळीप्रमाणे वाटणी करू नये म्हणून तो कायदा झाला, हे मला पुढे कळलं, आणि कायदा उत्तमच आहे. पण त्या क्षणी मला एवढंच समजलं, की या शहरात असं काहीतरी घडतं ज्याबद्दल बोलायलाही बंदी आहे. मी ग्रॅनाइटला हात लावून पाहिला. गार होता.

त्या घराच्या खिडक्यांना गज होते. दुसरं घर फाटकाच्या आत होतं आणि फाटकावर पहारेकरी. ज्या वस्तीला इतकं जपावं लागतं तिथे रोज काय चालून येत असेल, याचा विचार मी त्या रात्री करायला नको होता. तिसरी गल्ली ओकच्या झाडांची. तिथे गज नव्हते, पहारेकरी नव्हता, घराघरांमध्ये साधं कुंपणही नव्हतं. त्या गल्लीची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"मग मी ठरवू कसं?" मी डार्लीनबाईंना विचारलं.

"स्वतः येऊन बघा ना. वेगवेगळ्या वेळी एक चक्कर मारा."

त्यांच्या मनात मोटारीतली चक्कर होती. मला चक्कर म्हणजे पायांनी मारायची गोष्ट वाटते. इथेच घोळ झाला.

गुरुवारी दुपारी चार वाजता मी बसमधून उतरून त्या ओकच्या गल्लीकडे चालत निघालो. पदपथ अर्ध्या वाटेत संपला. का संपला ते कळेना. जणू बांधणाऱ्यांना पुढे जायचा धीर झाला नव्हता. रस्त्यावर एक माणूस नाही. गवत इतकं नीट कापलेलं की त्यावर कुणी कधी पाऊल टाकलं असेल असं वाटेना. तेवढ्यात मागे एक करड्या रंगाची गाडी आली आणि पुढे गेलीच नाही. मी चाललो की ती चाले. मी थांबलो की ती थांबे. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी बांधलेलीच होती, म्हणून सोडून पुन्हा बांधली. गाडी शांतपणे वाट बघत उभी. आत चष्मा लावलेली एक बाई होती आणि ती फोनवर बोलत होती.

गाडीला चुकवायला मी सरळ गवतात शिरलो. आमच्याकडे रानातून, माळावरून कुणीही कुठेही चालावं. कुणाच्या खिडकीखाली जाऊ नये म्हणजे झालं. तो हक्क आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. तो हक्क समुद्र ओलांडत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्हाला दाखवलेल्या घराच्या शेजारच्या दारापाशी मी पोचलो आणि दम घ्यायला थांबलो.

"काय हवंय?"

दारात कुणी नव्हतं. खिडकीत कुणी नव्हतं. बोलत होती ती दाराची कॅमेरावाली घंटा.

"ओ मिस्टर, तुमच्याशीच बोलतोय. शेजारचं रिकामं घर बघायला आलात काय?"

प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ होतं. 'श्शूप्.'

"काय?"

'श्शूप्,' मी जरा जोरात.

दार उघडलं. सत्तरीचा एक दांडगा गृहस्थ बाहेर आला. अर्धी चड्डी, गळ्यात जेवणाचा रुमाल आणि कमरेला पिस्तूल. उजवा हात पिस्तुलावर. "हात दिसू देत. दोन्ही."

मी दोन्ही दाखवले. आणखी असते तर तेही दाखवले असते.

"एकटेच आहात?"

'श्शूऊऊप्.' भीतीनं हा होकार फार लांबला.

त्या माणसाचा चेहरा बदलला. "लोरेटा!" तो माझ्या डोक्यावरून ओरडला. "अगं, याला श्वास घेता येत नाहीये!"

करडी गाडी गवताच्या कडेला येऊन थांबली होती. चष्मेवाली बाई, म्हणजे त्याची बायको, तिच्यातून उतरून धावतच आली. "तुला फोनवर सांगितलं नव्हतं, वेंडेल? अडखळत चालतोय म्हणून?"

"तू म्हणालीस चोर आहे!"

"चोराला हार्ट अटॅक येत नाही का? मी चौतीस वर्षं नर्स होते, मला शिकवू नकोस. ते लोखंड ठेव आधी खाली."

वेंडेलनं पिस्तूल जिरेनियमच्या कुंडीत खोचलं आणि मला काखेत धरून गवतावर निजवलं. पाच मिनिटांत ती निर्मनुष्य गल्ली माणसांनी भरली. कुणी घडीची खुर्ची आणली, कुणी पाणी, कुणी बर्फाची पिशवी. लोरेटानं माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि तोंडात अॅस्पिरिन कोंबली.

"छातीत दुखतंय का?"

मी हिशेब केला. दुखतंय म्हटलं तर मी रुग्ण. नाही म्हटलं तर मी चोर. रुग्णावर कुणी गोळी झाडत नाही, एवढं मला टीव्हीवरूनच माहीत होतं.

"थोडंसं," मी म्हणालो.

इतक्यात पोलीसबाई आल्या. त्यांना आधी चोरासाठी बोलावलं होतं, मग रुग्णासाठी, त्यामुळे त्या वही आणि औषधपेटी दोन्ही घेऊन उतरल्या. गुडघ्यावर बसून म्हणाल्या, "नाव काय तुमचं? इथे काय करत होता? आणि नीट खरं सांगा, मला हे सगळं लिहून घ्यायचंय."

लिहून घ्यायचंय! परक्या देशाच्या पोलिसाला लिहून दिलेली एक थाप, आणि गुनिल्लाचा व्हिसा गेला. अकरा वर्षांचे अर्ज, सगळे गेले. पिस्तुलापेक्षा ती वही मला जास्त भयंकर वाटली.

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "छातीतही दुखत नाही. आमच्याकडे हो असंच म्हणतात. श्वास आत घेऊन."

खुर्ची आणणाऱ्यानं खुर्ची हळूच मिटली.

"म्हणजे मघापासून तुम्ही नुसतं हो म्हणत होता?" पोलीसबाईंनी विचारलं.

'श्शू...' मी जीभ चावली. लोरेटानं तरी माझी नाडी धरलीच.

"असं जगात कुठे म्हणत नाहीत," वेंडेल म्हणाला. त्याचा चेहरा लाल होत चालला होता आणि नजर कुंडीकडे वळत होती. "थापा मारतोय हा. घरं हेरतोय."

माझ्या बायकोला विचारा, असं मी विनवलं. पोलीसबाईंनी तिला फोन केला. ती येईपर्यंतची वीस मिनिटं मी गवतावर तसाच पडून होतो. उठायची परवानगी आहे का, हे विचारायचीही छाती झाली नाही. एक मुंगी माझ्या कपाळावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मी तिला अडवलं नाही.

गुनिल्ला टॅक्सीतून उतरली. मला जमिनीवर आडवा पाहून ती पांढरीफटक पडली.

"बाई, हे तुमचे पती का?" पोलीसबाईंनी विचारलं.

'श्शूप्,' गुनिल्ला म्हणाली.

सगळी गल्ली एक पाऊल मागे सरकली. मिटलेली खुर्ची फटकन पुन्हा उघडली. "हिलाही!" कुणीतरी किंचाळलं. मग पोलीसबाईंनी वही मिटून तोंडाला लावली. खांदे हलत होते. त्या हसत होत्या हे मला जरा उशिरा कळलं. लोरेटा तर रडेपर्यंत हसली. वेंडेल एकटाच हसला नाही.

परतताना टॅक्सीत गुनिल्ला म्हणाली, "हेच घर घेऊया."

"अगं, त्यानं पिस्तूल काढलं होतं!"

"आणि मग खुर्ची आली. पाच मिनिटांत. उमेओत आपण बावीस वर्षं राहिलो. तू बर्फात पडलास तेव्हा किती जण खुर्ची घेऊन आले?"

"आधी पिस्तूल आलं, गुनिल्ला. मग खुर्ची. क्रम बघ."

"पिस्तूल ते खुर्ची, एवढा प्रवास तुला एकदाच करायचा होता, तो झाला," ती म्हणाली.

मी रात्रभर विचार केला. गजांच्या वस्तीत किंवा फाटकाच्या वस्तीत गेलो असतो, तर तिथे पुन्हा पहिल्यापासून मरावं लागलं असतं. इथे एकदा मरून झालं होतं. शुक्रवारी सकाळी मी सही केली. हात थरथरत होता. डार्लीनबाई म्हणाल्या, किती गोड, आनंदानं होतं असं.

शनिवारी दुपारी सामान लावत असताना वेंडेल आला. हातात लोरेटानं केलेल्या पीच फळांच्या गोड 'पाय'ची, भट्टीत भाजलेल्या पक्वान्नाची थाळी होती, कमरेला जे असायचं ते होतं. थाळी ओट्यावर ठेवून त्यानं फोन बाहेर काढला.

"भिंतीला टेकून उभे राहा जरा. फोटो काढून गल्लीतल्या सगळ्यांना पाठवतो. पलीकडच्या दोन गल्ल्यांनाही. तुम्ही चालता ना, म्हणून. कुणाची चूक व्हायला नको."

"कसली चूक?" मी विचारलं.

"तीच हो," तो अगदी मायेनं म्हणाला.

त्यानं समोरून एक फोटो काढला, बाजूनं एक. मग गुनिल्लाला बोलावून तिचेही काढले. नंतर जरा विचार करून मला म्हणाला, "आता कानटोपी घालून एक. थंडीत तुम्ही वेगळे दिसाल."

जुलै महिना होता. मी खोक्यातून कानटोपी शोधून काढली आणि घातली.

"हसा की जरा," वेंडेल म्हणाला. "भला माणूस दिसायला पाहिजे."

मी हसलो. त्यानं पाहिलं, नकाराची मान हलवली, आणि फोटो पुन्हा काढला.