वजनाचा सराव

चंद्रावती आत्याने महालक्ष्मीची आण घेतली होती, म्हणून हेतलने विश्वास ठेवला. नाहीतर आत्याच्या शब्दावर बोर्डीच्या किनाऱ्यावरची मांजरंसुद्धा विश्वास ठेवत नाहीत.

"एका दिवसात शंभर किलोमीटर मारून दाखव, दारातली सायकल तुझी," आत्या म्हणाली होती. "मग जा खुशाल तलासरीला नोकरीला. कच्च्या पायांनी निघालीस तर आठ दिवसांत घरी बसशील आणि लोक मला हसतील."

नोकरी तलासरीतल्या एका दवाखान्यात होती, केसपेपर काढायची. भल्या सकाळी हजर व्हायचं आणि त्या वेळेला पोचवणारी बस नाही. डॉक्टरीणबाई भल्या. म्हणाल्या, तुझी जायची-यायची सोय होईपर्यंत महिनाभर थांबते. हेतलची आई गेली तेव्हापासून ती आत्याकडेच होती, म्हणजे आत्याच्या बोंबलांकडे. पहाटे वलांडीच्या बांबूंवर वाळत टांगायचे, ऊन उतरलं की काढायचे, गोणीत भरायचे. हाताचा वास कुठल्या साबणाने म्हणून जात नव्हता. तिला एक खुर्ची हवी होती, डोक्यावर पंखा हवा होता, आणि कुणीतरी तिला 'मॅडम' म्हणावं असंही वाटायचं. सगळं त्या सायकलवर अडलं होतं.

गुरू म्हणून लाभला कोण, तर आत्याचा जिग्नेश. हा पठ्ठ्या एकदा ग्रुपबरोबर नाशिकला निघाला आणि जव्हारपासून टेम्पोत बसून परत आला. टी-शर्ट मात्र वर्षभर मिरवत होता.

"चढाला मांडीत जोर लागतो," तो खाटेवर लोळत म्हणाला. "वजनाचा सराव कर. कॅरिअरला एक गोण बांध."

"आणि बांधलीच आहेस तर," आतून आत्या म्हणाली, "तलासरीला शुक्रीच्या दुकानात टाकून ये. भरलेली गोण उगाच परत कशाला आणायची?"

झाला सराव सुरू! हेतल अंधारात उठायची, गोण आवळायची आणि दात-ओठ खात चिकूच्या वाड्यांमधून तलासरीचा रस्ता धरायची. पहिल्या आठवड्यात तर वाटेत दोनदा उलटी झाली. मांड्या पेटायच्या. पुढच्या आठवड्यात जिग्नेश म्हणाला, प्रगती चांगली आहे, आता दोन गोणी.

शुक्रीबाई, ती दुकानदारीण, एक दिवस गोणी उतरवून घेताना म्हणाली, "जिग्नेशने टेम्पो विकला का गं?"

"नाही. दारातच उभा आहे."

"मग तू का मरतेस ओढून?"

हेतलने वजनाचा सराव सांगितला. शुक्रीबाई कमरेला हात लावून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं बावळट! सरावाचं वजन येतानाच का? जाताना का रिकामी जातेस?"

हेतलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येऊन तिने जिग्नेशला तोच प्रश्न विचारला. त्याने आईकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "खरंच की. येताना तांदूळ आणत जा."

त्या रात्री हेतल उशीत तोंड खुपसून रडली. मग तिने ठरवलं, समजू देत मला बावळट. आण महालक्ष्मीची आहे. शंभर झाले की सायकल माझी, मग बघते ह्यांच्याकडे. आणि ती तांदूळ आणत राहिली.

डहाणूच्या सायकलवाल्यांची शंभरी रविवारी होती. बोर्डी, तलासरी, उधवा, कासा, आशागड, डहाणू आणि परत बोर्डी. निघताना आत्या मायेने म्हणाली, "फोन ठेवून जा माझ्याकडे. वाटेत पडला-बिडला तर?"

गोणीशिवाय सायकल अशी पळाली की हेतलला हसू आवरेना. उधव्याच्या पुढच्या चढावर, तोच टी-शर्ट घालून शंभरीला आलेला जिग्नेश आपली सायकल हातात धरून चालत होता, जीभ बाहेर. तिने मुद्दाम घंटी वाजवली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. किती बरं वाटलं तिला! ती बोर्डीला पोचली तेव्हा इतरांसाठी चहासुद्धा टाकलेला नव्हता.

आत्याने सगळ्यांसमोर नारळ फोडला, हँडलला हळदकुंकू लावलं. "सायकल तुझी. आण मोडणारी बाई नाही मी." मग हाक मारली, "लाहू, लाव रे."

लाहू वेल्डर मशीन घेऊन तयारच बसला होता. त्याच्या पायाशी लोखंडी कॅरिअर होतं, दोन्ही बाजूंना दोन दोन गोणी बसतील एवढं रुंद.

"तलासरीचं जमलं, आता उधवा आणि कासाही तूच कर," आत्या कौतुकाने म्हणाली. "काय पाय झालेत पोरीचे!"

"आत्या, मला नोकरीला जायचंय."

"अगं हो, त्या बाईंचा फोन आला होता. उद्यापासून ये म्हणत होत्या. मी सांगितलं, तिचं लग्न ठरतंय, ती नाही यायची. चांगल्या माणसांना उगाच ताटकळत कशाला ठेवायचं?"

हेतलने फोन हिसकावून घेतला आणि दवाखान्यात लावला. डॉक्टरीणबाई हळहळल्या, अभिनंदनही केलं, आणि दुसऱ्या मुलीला हो म्हटल्याचं सांगितलं. हेतलला सायकल उचलून आत्याच्या टाळक्यात घालावीशी वाटली. पण रात्री निजायचं आत्याच्याच घरात होतं. वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या तसं लाहूने तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली.

आठवड्याने चार गोणी घेऊन ती तलासरीत शिरली. दवाखान्याच्या दारात नवी मुलगी उभी होती. केस धुतलेले, गळ्यात ओळखपत्र.

"ए सुकटवाली," तिने हाक मारली, "बोंबील कसे दिले?"

हेतलने ब्रेक दाबला, पाय टेकला आणि भाव सांगितला.