खुर्चीसकट

"बाई, जरा उठता का? पाचच मिनिटं."

म्हातारी उठली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून ती बसली होती आणि ट्रायपॉड उघडणाऱ्या या परक्या माणसाकडे, नळ दुरुस्त करायला आलेल्याकडे पाहावं तशी, पाहत होती.

"माझ्या मुलाने घर विकायला काढलंय," ती म्हणाली. "मला नाही काढलेलं. तुम्ही तुमचं काम करा, मी बसलेय."

फोटोग्राफरने मोडक्यातोडक्या परक्या भाषेत आणखी दोनदा विनवून पाहिलं. मग मेहुण्याला फोन लावला. घरं विकून द्यायचा धंदा मेहुण्याचा. आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे या फोटोग्राफरला, त्यानेच या देशात बोलावून घेतलं, कामाला लावलं, आणि 'भाऊजी, भाऊजी' करत बैलासारखं राबवून घेतलं.

"उठत नाही? मग काढा तशीच," मेहुणा म्हणाला. "नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाका. खुर्चीसकट. फारच जुनाट वाटतं ते."

'ते' म्हणजे नेमकं कोण, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने शब्द गिळले. गिळायची आता सवयच झाली होती.

आपल्या गावी त्याचा स्टुडिओ होता. समोरचा माणूस ताठून बसला, की तो त्याला काहीतरी विचारायचा. बोलता बोलता त्या माणसाचा श्वास सुटला, खांदे उतरले, की मग बटण दाबायचा. इथे माणसालाच बंदी. कोपऱ्यात उभं राहा, सगळे दिवे लावा, कमोडचं झाकण पाडा, आणि चिटपाखरूसुद्धा दिसता कामा नये. नांदतं घर असं दाखवायचं, की तिथे कधी कुणी राहिलंच नाही. वैताग आरशांचा होता. दर घरात कुठल्या ना कुठल्या आरशात कॅमेरा धरलेला तो स्वतः यायचा, आणि घरी येऊन त्याला आधी स्वतःलाच पुसावं लागायचं. सुरुवातीला याची चीड यायची. मग तीही येईनाशी झाली.

म्हातारीच्या मागेही आरशाचं कपाट होतं. तिने कॅमेऱ्याकडे पाहून ओठ घट्ट मिटले.

"बाहेर काय दिसतं तुम्हाला?" त्याने विचारलं. जुनी खोड, दुसरं काय.

"झाड होतं. मुलाने तोडलं. उजेड कमी असला की गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणे." तिने खिडकीकडे मान वळवली. तिचे खांदे खाली आले आणि त्याने बटण दाबलं.

घरी कॉम्प्युटरवर त्याने म्हातारीभोवती रेघ ओढली. ती गेली. खुर्ची गेली. तिथली फरशी यंत्राने आपणहून भरून काढली. मग हाताच्या सवयीने त्याने आरशातला फोटोग्राफरही पुसला, आणि लख्ख रिकाम्या खोलीकडे पाहता पाहता त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहुण्याचा राग आला, त्या झाड तोडणाऱ्या पोराचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला. दोन जितीजागती माणसं होती त्या खोलीत. त्याने एकेक करून सगळं परत आणलं.

"दादाचा फोन होता," बायको दारातून म्हणाली. "त्या बाईला पुसलंत ना?"

"नाही."

"उगाच वाकड्यात शिरू नका. किती केलंय त्याने आपल्यासाठी."

"केलंय ना. म्हणून त्याने सांगायचं आणि मी माणसं पुसायची? मी फोटोग्राफर आहे. फळा पुसायचं फडकं नाही."

ती आत आली. मग जवळ येऊन स्क्रीनवर वाकली. "तुम्हीपण आहात की यात," ती म्हणाली. "किती वाळलात हो."

फोटो पाठवल्यावर मेहुण्याचा फोन यायला वेळ लागला नाही.

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का? म्हातारी तशीच, वर आरशात तुम्ही."

"हो. मीच आहे तो."

"असं असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"खुशाल बघा."

दुसरा माणूस आला आणि खोली रिकामी दाखवून गेलाही. फोटोग्राफर छापलेला फोटो घेऊन त्या घरी पोचला, तेव्हा खुर्ची फाटकाबाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी होती. म्हातारी खिडकीपाशी, त्याच जागी, आपल्या सुटकेसवर बसली होती. तिने चष्मा लावून फोटो हातभर लांब धरला.

"मी अशी दिसते?"

"हो."

"मला वाटलं, चिडलेली दिसेन." मग तिने आरशावर बोट ठेवलं. "आणि हा मागे कोण?"

"फोटोग्राफर," तो म्हणाला.

तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मान डोलावली. बाहेर मुलाने गाडीचा हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला, या खेपेला बराच वेळ.

"वाजवू दे," म्हातारी म्हणाली. "मी बघतेय अजून."

ती उठली नाही. तोही तिच्या शेजारी उभा राहिला.